निओमचे परीक्षण : तेलानंतरच्या शहराचा आराखडा

सौदी अरेबियाच्या वायव्य टोकाला, तबुक प्रांतात, तांबडा समुद्र आणि अकाबाचे आखात यांच्या किनाऱ्याला लागून असलेल्या 26,500 चौरस किलोमीटर जागेत निओम नावाचा प्रकल्प आखण्यात आला आहे. 24 ऑक्टोबर 2017 रोजी रियाधमधील गुंतवणूक परिषदेत युवराज मोहम्मद बिन सलमान यांनी त्याची घोषणा केली, तेव्हा खर्चाचा आकडा 50,000 कोटी डॉलर, म्हणजे 1,87,500 कोटी रियाल इतका सांगितला गेला. ग्रीक भाषेतील ‘निओ’ म्हणजे नवे आणि अरबीतील ‘मुस्तक्बल’ म्हणजे भविष्य, या दोन शब्दांवरून हे नाव तयार झाले. गुंतवणूकदारांपासून भावी रहिवाशांपर्यंत सर्वांसमोर हे शहर चित्रफिती, प्रतिकृती आणि आकड्यांच्या साहाय्याने मांडले गेले असल्यामुळे, बाजारात आलेल्या कोणत्याही वस्तूचे करावे तसेच त्याचे परीक्षण करणे मला योग्य वाटते. कोणते काम करण्याचे आश्वासन दिले होते, त्यातले किती झाले आणि उरलेले होण्याजोगे आहे का, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

मी अकरा वर्षे याच देशाच्या पूर्व किनाऱ्यावर, जुबैलच्या औद्योगिक नगरीत, पेट्रोकेमिकल कारखान्यांच्या देखभालीचे काम केले. त्या देशाने मला काम दिले, माझ्या मुलांचे शिक्षण त्या पगारावर झाले, आणि तेथील तरुण अभियंत्यांना मी हाताखाली शिकवलेही. तेल संपल्यावर किंवा त्याची किंमत पडल्यावर या तरुण अभियंत्यांचे काय, हा प्रश्न माझ्यासाठी त्यामुळे दूरचा नाही.

आधी हे शहर कशासाठी हवे होते ते पाहू. 2014 च्या मध्याला पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेले तेल जानेवारी 2016 मध्ये तीस डॉलरच्याही खाली आले. 2015 या एका वर्षात सौदी सरकारची तूट सुमारे 36,700 कोटी रियालांवर गेली. तोपर्यंत सरकारी महसुलाचा फार मोठा भाग एकट्या तेलातून येत होता, आणि त्याच महसुलातून पगार, अनुदाने, रस्ते, रुग्णालये असे सारेच चालत होते. एप्रिल 2016 मध्ये ‘व्हिजन 2030’ हा कार्यक्रम जाहीर झाला. तेलेतर सरकारी महसूल 16,300 कोटी रियालांवरून एक लाख कोटी रियालांवर नेणे, बेरोजगारी 11.6 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आणणे आणि श्रमशक्तीतील स्त्रियांचा सहभाग 22 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर नेणे, अशी मोजता येतील अशी उद्दिष्टे त्यात होती. निओम हे या कार्यक्रमाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत डोळ्यांत भरणारे अपत्य आहे. म्हणून त्याची कसोटी एकच असली पाहिजे, ती म्हणजे हे शहर देशाला तेलाच्या पैशापासून किती मोकळे करते. इमारती किती उंच आहेत किंवा चित्रे किती सुंदर आहेत, या गोष्टी त्यानंतर येतात.

या कसोटीवर निओममधील सर्वांत प्रसिद्ध भाग, ‘द लाइन’, आधी घ्यावा लागतो, कारण बहुतेकांना निओम म्हटले की तेच आठवते. जानेवारी 2021 मध्ये त्याची घोषणा झाली आणि जुलै 2022 मध्ये आराखडा पुढे आला. 170 किलोमीटर लांब, 200 मीटर रुंद आणि 500 मीटर उंच अशा, बाहेरून आरशाने मढवलेल्या दोन समांतर भिंती, त्यांच्यामध्ये 90 लाख लोक, रस्ते नाहीत, मोटारी नाहीत, रोजच्या गरजेचे सर्व काही पाच मिनिटांच्या चालीवर आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास वीस मिनिटांत, असे त्याचे वर्णन होते. मक्केतील घड्याळाचा मनोरा 601 मीटर उंच आहे. त्याच्या जवळपास पोहोचणाऱ्या इमारती एकमेकींना खेटून 170 किलोमीटर उभ्या करायच्या, असा हा बेत होता.

आराखड्यातील काही आकडे कागदावर पेन्सिलीने तपासता येतात, आणि प्रत्येक वाचकाने ते तपासावेत असे मला वाटते. 170 किलोमीटर वीस मिनिटांत कापायचे तर गाडीचा सरासरी वेग ताशी 510 किलोमीटर हवा. शांघायच्या चुंबकीय रेल्वेने गाठलेला व्यावसायिक सेवेतील कमाल वेग ताशी 431 किलोमीटर होता, आणि तीसुद्धा मध्ये कोठे थांबत नाही. आता या शहरात राहणाऱ्या एका कुटुंबाची कल्पना करावी. घर चाळिसाव्या किलोमीटरवर, जमिनीपासून तीनशे मीटर उंचीवर. नवऱ्याची नोकरी पंचाण्णवाव्या किलोमीटरवर, बायको ज्या रुग्णालयात काम करते ते दहाव्या किलोमीटरवर. सकाळी उद्वाहकाने खाली उतरायचे, स्थानकापर्यंत चालायचे आणि गाडी पकडायची. कोणालाही स्थानकापर्यंत एक किलोमीटरहून अधिक चालावे लागू नये असे म्हटले, तर दर दोन किलोमीटरला एक स्थानक लागते, म्हणजे एकूण 86 स्थानके. दोन किलोमीटरच्या अंतराने थांबणारी कोणतीही शहरी रेल्वे, थांबे धरून, सरासरी ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या पुढे सहसा जात नाही. या वेगाने टोकापासून टोकापर्यंत जायला सुमारे चार तास लागतील. जलद गाडी हवी तर तिला मोजकेच थांबे द्यावे लागतील आणि मग बहुतेक लोकांना आधी संथ गाडीने जलद गाडीपर्यंत जावे लागेल. मोठ्या शहरात जलद आणि धीम्या गाड्यांवर रोजचे आयुष्य काढलेल्या कोणालाही ही गाडी बदलण्याची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

दोष गाड्यांचा नाही, आकाराचा आहे. सरळ रेषेवर कोठेही राहणाऱ्या दोन माणसांमधील सरासरी अंतर हे त्या रेषेच्या लांबीच्या एक-तृतीयांश असते, म्हणजे येथे सुमारे 57 किलोमीटर. तेवढीच 34 चौरस किलोमीटर जागा गोल आकारात घेतली, तर तिची त्रिज्या साधारण 3.3 किलोमीटर भरते आणि दोन माणसांमधील सरासरी अंतर तीन किलोमीटरच्या आत येते. व्हिएन्नातील संशोधकांनी 2023 मध्ये नेमका हाच मुद्दा शोधनिबंधातून मांडला होता. माणसे शहरात येतात ती एकमेकांच्या जवळ येण्यासाठी. दुकानाला गिऱ्हाईक, कारखान्याला कारागीर, आजाऱ्याला वैद्य जवळ मिळावा, यातूनच शहराचा पैसा तयार होतो, आणि ज्या शहराची अर्थव्यवस्था तेलाच्या जागी उभी राहायची आहे त्याला तर ही जवळीक सर्वांत अधिक लागते. द लाइनचा आकार नेमकी तीच काढून घेतो. माझ्या मते हा दोष इतका मूलभूत आहे की त्यापुढे खर्चाची चर्चाही दुय्यम ठरते.

तरीही खर्चाकडे पाहिले पाहिजे. द लाइनच्या घोषणेच्या वेळी 2030 पर्यंत 3,80,000 रोजगार आणि देशाच्या उत्पन्नात 18,000 कोटी रियालांची भर, असे आश्वासन दिले गेले होते. एप्रिल 2024 मध्ये वृत्तसंस्थांनी दिलेल्या माहितीनुसार 2030 पर्यंतचे लक्ष्य 15 लाख रहिवाशांवरून तीन लाखांच्या खाली आले होते आणि तोपर्यंत 170 पैकी जेमतेम 2.4 किलोमीटर भाग पूर्ण होईल, असा अंदाज होता. नोव्हेंबर 2024 मध्ये प्रकल्पाचे सहा वर्षांचे मुख्य कार्यकारी अधिकारी नधमी अल-नस्र पायउतार झाले. 2024 च्या अखेरीस सौदी सरकारच्या सार्वजनिक गुंतवणूक निधीने निओमसह आपल्या महाप्रकल्पांचे मूल्य सुमारे 800 कोटी डॉलरनी कमी करून दाखवले. ज्या निधीच्या पैशावर हे सर्व उभे आहे, त्याच्या हिशेबवहीतच ही नोंद आहे, हे लक्षात घ्यावे.

90 लाख माणसे कोठून येणार, हा प्रश्नही आराखड्यात अनुत्तरित आहे. 2022 च्या जनगणनेनुसार सौदी अरेबियाची लोकसंख्या 3 कोटी 22 लाख होती आणि तिच्यात दहापैकी चार जण माझ्यासारखे परदेशी होते. म्हणजे हे शहर भरायचे तर रियाधपेक्षा मोठी वस्ती एका ओसाड किनाऱ्यावर आणून बसवावी लागेल. परदेशी माणसे येतील, पण त्यांचा मुक्काम इकाम्याच्या, म्हणजे निवासपरवान्याच्या, मुदतीपुरता असतो आणि कमाईचा मोठा भाग ते मायदेशी पाठवतात. मीही तेच करत होतो. ज्यांना तेथे घर विकत घेऊन म्हातारे व्हायचे आहे अशा माणसांशिवाय शहराला स्वतःची बाजारपेठ मिळत नाही.

आता निओमच्या दुसऱ्या भागाकडे वळतो, ज्याची चित्रे कोणी फारशी पाहिलेली नाहीत आणि ज्याविषयी मला मनापासून चांगले लिहायचे आहे. ऑक्सॅगॉन या औद्योगिक विभागात हरित हायड्रोजनचा कारखाना उभारण्यात येत आहे. अ‍ॅक्वा पॉवर, एअर प्रॉडक्ट्स आणि निओम या तिघांची ही भागीदारी असून तिची गुंतवणूक 840 कोटी डॉलरची आहे. सूर्य आणि वारा यांपासून सुमारे 4 गिगावॉट क्षमतेची वीजनिर्मिती, त्या विजेवर पाण्याचे विघटन करून रोज 600 टनांपर्यंत हायड्रोजन, आणि जहाजाने पाठवता यावा म्हणून त्यापासून वर्षाला 12 लाख टनांपर्यंत अमोनिया, अशी त्याची रचना आहे. तीस वर्षे सारे उत्पादन विकत घेण्याचा करार एअर प्रॉडक्ट्सने केला आहे. येथे प्रत्येक गोष्ट एका अभियंत्याला ओळखीची वाटते. कच्चा माल काय, यंत्र कोणते, माल कोण घेणार, पैसे कोणी घातले, या चारही प्रश्नांची उत्तरे लेखी आहेत. त्या प्रदेशात दिवसा कडक ऊन आणि रात्री जोराचा वारा असतो, त्यामुळे वीजनिर्मितीत मोठा खंड पडत नाही, आणि हायड्रोजनचे अमोनियात रूपांतर करणे हे तर आमच्या क्षेत्रात गेल्या शतकापासून चालत आलेले काम आहे. मी जुबैलमध्ये ज्यांना झडपा आणि दाबमापके तपासायला शिकवले, त्या मुलांना येथे दुसऱ्या दिवशी कामावर रुजू होता येईल.

पण प्रामाणिकपणे हिशेब केला तर या उत्तम भागाचीही मर्यादा दिसते. अमोनियाचा भाव टनाला 600 डॉलर गृहीत धरला तर वर्षाची विक्री 72 कोटी डॉलरची होते. सौदी सरकारचा 2024 मधील तेलाचा महसूल सुमारे 75,000 कोटी रियाल, म्हणजे 20,000 कोटी डॉलर होता. हा कारखाना पूर्ण क्षमतेने चालला तरी त्याची विक्री त्या महसुलाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी भरते. तेलाची जागा घ्यायची तर असे दोन-चार कारखाने पुरणार नाहीत, त्यांच्याभोवती शेकडो लहानमोठे उद्योग वाढावे लागतील, आणि ते वाढायला दशके लागतात.

याबाबत जुबैलचा अनुभव मोलाचा आहे. 1975 मध्ये जुबैल आणि यनबू या दोन नगरींसाठी शाही आयोग स्थापन झाला, तेव्हा जुबैल हे मासेमारी करणाऱ्यांचे छोटे गाव होते. तेलविहिरींवर निघणारा वायू त्या काळी जाळून टाकला जात असे आणि रात्री वाळवंटावर त्या ज्वाळा मैलोन्‌मैल दिसत, असे जुने सहकारी सांगत. तो वायू नळांनी गोळा करून कारखान्यांना द्यायचा, हा त्या नगरीमागचा साधा विचार होता. आधी बंदर झाले, समुद्राचे पाणी कारखान्यांना थंडाव्यासाठी नेणारे कालवे झाले, खाऱ्याचे गोडे पाणी करणारी केंद्रे झाली, आणि मग घरे. मी गेलो तेव्हा त्या कालव्याच्या काठाने सकाळी साडेपाचला आमची बस जायची. डावीकडे पाण्यावर वाफ असायची, उजवीकडे निळ्या-पांढऱ्या टाक्यांची रांग, आणि संध्याकाळी त्याच नगरीतल्या फनातीरच्या किनाऱ्यावर कुटुंबे चटया अंथरून चहाचे थर्मास उघडून बसलेली असायची. लोक तेथे चित्रफीत पाहून आले नव्हते. काम होते म्हणून आले, आणि काम टिकले म्हणून राहिले. जुबैल तेल-वायूवरच उभे आहे, त्यामुळे विविधीकरणाचे ते पूर्ण उत्तर नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु वाळवंटात नवे शहर कोणत्या क्रमाने वसते, हे सांगणारा याहून विश्वासार्ह नमुना या देशाकडे दुसरा नाही.

उलट उदाहरणही याच देशात आहे. जेद्दाच्या उत्तरेला, राबिगजवळ, राजे अब्दुल्ला यांच्या नावाची आर्थिक नगरी 2005 मध्ये जाहीर झाली. 20 लाख लोकवस्तीचा बेत होता, पण दशक उलटून गेल्यावरही रहिवासी काही हजारांतच होते. त्या नगरीतील बंदर मात्र चालते, मक्का-मदिना द्रुतगती रेल्वेचे स्थानक तेथे आहे आणि 2023 मध्ये विजेवरच्या मोटारींचा कारखानाही सुरू झाला. जेथे व्यवसायाला कारण मिळाले तेथे नगरी जागी झाली, आणि निव्वळ घरांचे भूखंड पडून राहिले. निओमच्या आखणीकारांकडे हा धडा घरातच उपलब्ध होता, आणि तो न वाचल्याची खंत मला इतर कोणत्याही दोषापेक्षा अधिक वाटते.

सिंदाला हे नौकाविहारासाठीचे बेट ऑक्टोबर 2024 मध्ये समारंभपूर्वक दाखवण्यात आले, आणि त्रोजेना या डोंगराळ भागात बर्फावरचे खेळ भरवण्याची कल्पना मांडली गेली. श्रीमंत पर्यटकांचा खर्च देशात यावा हा हेतू समजतो, पण तेलावरचे अवलंबन कमी करण्याच्या कसोटीवर हे दोन्ही भाग किरकोळ आहेत.

जमिनीचा विषय मात्र किरकोळ नाही. ही जागा रिकामी असल्याचे सांगितले गेले, परंतु तेथे हुवैतात टोळीची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती आणि अल-खुरैबासारखी गावे होती. एप्रिल 2020 मध्ये घर सोडायला नकार देणारे अब्दुल रहीम अल-हुवैती सुरक्षा दलांच्या गोळीबारात मरण पावले. आधी त्यांनीच गोळ्या झाडल्या, असे सरकारचे म्हणणे आहे. घर सोडण्यासाठी आपल्यावर येणाऱ्या दबावाविषयीच्या चित्रफिती त्यांनी त्यापूर्वी प्रसारित केल्या होत्या. जुन्या रहिवाशांना जेथे राहता आले नाही, तेथे 90 लाख नव्या रहिवाशांना निर्धास्तपणे राहायला बोलावणे हे कोणत्याही योजनेसाठी जड ओझे आहे. या परीक्षणात गुण देण्यापूर्वी मी ते वजा करतो. आफ्रिका आणि युरेशिया यांच्यामध्ये दरवर्षी ये-जा करणाऱ्या पक्ष्यांच्या मार्गावर अर्धा किलोमीटर उंच आरशाची भिंत उभी करण्याविषयीही हेच म्हणता येईल.

आता पुन्हा मूळ कसोटीकडे येतो. गेल्या काही वर्षांत सौदी अर्थव्यवस्थेत खरोखर बदल झाले आहेत, आणि ते पाहून मला आनंद होतो. जानेवारी 2018 मध्ये 5 टक्के मूल्यवर्धित कर आला आणि जुलै 2020 मध्ये तो 15 टक्के झाला, त्यामुळे सरकारला तेलाबाहेरचा नियमित महसूल मिळू लागला. एप्रिल 2018 मध्ये चित्रपटगृहे पुन्हा उघडली, जूनमध्ये स्त्रिया मोटार चालवू लागल्या, सप्टेंबर 2019 मध्ये पर्यटकांना व्हिसा मिळू लागला. श्रमशक्तीतील स्त्रियांचा सहभाग 30 टक्क्यांचे उद्दिष्ट मुदतीच्या कितीतरी आधी ओलांडून गेला आणि 2024 च्या अखेरीस सौदी नागरिकांमधील बेरोजगारी 7 टक्क्यांवर आली. आमच्या कार्यालयात मी गेलो तेव्हा एकही स्त्री नव्हती. निघताना नियोजन विभागात चार मुली होत्या आणि त्यांतल्या एकीने माझ्या शेवटच्या, कारखाना बंद ठेवून करायच्या दुरुस्तीचे सारे वेळापत्रक तयार केले होते. या बदलांना वाळवंटात नवी भिंत बांधावी लागली नाही. नियम बदलले आणि आधीपासून असलेल्या शहरांतली माणसे कामाला लागली.

याउलट निओमचा पैसा येतो तो सार्वजनिक गुंतवणूक निधीतून, आणि त्या निधीकडे व त्याच्या कंपन्यांकडे आरामको या सौदी सरकारी तेल कंपनीचे 16 टक्के भाग आहेत. म्हणजे तेलाचा भाव चांगला असेल तर क्रेन हलतात आणि तो पडला की कंत्राटे थांबतात. परदेशी गुंतवणूक वर्षाला 10,000 कोटी डॉलरपर्यंत नेण्याचे देशाचे उद्दिष्ट असताना 2023 मध्ये ती सुमारे 2,500 कोटी डॉलरच होती. बाहेरच्या गुंतवणूकदाराने आपला पैसा येथे घातला असता, तर त्याने स्थानकांमधले अंतर आणि गाडीचा वेग हे प्रश्न पहिल्याच बैठकीत विचारले असते. तेलाच्या पैशावर काम चालू राहिल्यामुळे ते प्रश्न विचारायला उशीर झाला.

माझी शिफारस अशी आहे. हायड्रोजनचा कारखाना आणि ऑक्सॅगॉनचे बंदर पूर्ण करावे, त्यांना लागेल तेवढीच वस्ती जुबैलच्या क्रमाने, पाणी आणि रोजगार आधी ठेवून, त्यांच्याजवळ गोलाकार वाढू द्यावी, आणि तिच्या पहिल्या घरांवर हुवैतात कुटुंबांचा हक्क लेखी मान्य करावा. या भागाला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो. द लाइनला एक, तोही त्यातील मोटारींशिवायच्या शहराच्या इच्छेसाठी. कामाला लागू पाहणाऱ्या कोणा तरुण अभियंत्याने मला विचारले, तर कारखान्यातली जागा मिळत असेल तर अवश्य जा, असेच मी सांगेन. द लाइनवरची नोकरी पुढे आली, तर करारावर सही करण्याआधी स्थानकांचा नकाशा आणि गाड्यांचे वेळापत्रक मागून घ्यायला सांगेन.